ओटीतला वास : टाक्यांवरच्या गाठी आणि सिस्टरांची डोकेदुखी

मी गोव्यातल्या फोंडा परिसरात सूक्ष्मजीवशास्त्राची छोटी प्रयोगशाळा चालवते. आसपासच्या चार-पाच खासगी रुग्णालयांतून पू, लघवी, रक्त यांचे नमुने माझ्याकडे येतात. त्यांतल्याच एका रुग्णालयातले हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्या सिस्टरांविषयी पुढे लिहिले आहे त्यांनी मसुदा वाचला आणि दोन ठिकाणी माझी दुरुस्तीही केली. माझ्या प्रयोगशाळेची चूकही यात आहे, ती जशी झाली तशीच मांडली आहे.

पार्श्वभूमी

रुग्णालय तीस खाटांचे. एक ओटी (ऑपरेशन थिएटर), तिला लागून उपकरणे धुण्याची अरुंद खोली, पलीकडे कपड्यांचे कोठार. मंगळवार आणि शुक्रवार दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचे. पित्ताशयातले खडे, ॲपेंडिक्स, अधूनमधून हर्निया. एका दिवसात तीन, कधी चार. दुर्बिणीच्या उपकरणांचा संच मात्र एकच.

मोठी उपकरणे, कपडे, गॉज हे सगळे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जात असे. दुर्बिणीची उपकरणे महागडी आणि नाजूक, वाफेने खराब होतील या समजुतीने ती दोन टक्के ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवत. बाहेर काढली की उकळलेल्या पाण्यात विसळायची आणि पुढच्या रुग्णाला वापरायची. गोव्यातच नव्हे, देशभरातल्या लहान रुग्णालयांत वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे, त्यामुळे कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. शनिवारी रात्री ओटीत हवेतले जंतू मारायला फॉर्मेलिनची धुरी दिली जाई. सोमवारी पहाटे ओटी उघडून धुरीचा उरलेला वायू मारायला अमोनियाच्या बश्या ठेवण्याचे काम ओटी सिस्टरांचे.

सिस्टर बावन्न वर्षांच्या, ओटीत सव्वीस वर्षे काढलेल्या. नवे डॉक्टर त्यांच्याकडून शिकतात. शस्त्रक्रिया कुठल्या टप्प्यावर आहे हे पाहून पुढचे उपकरण डॉक्टरांनी मागायच्या आधी त्या त्यांच्या हातात ठेवतात.

काय घडले

पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली एक बाई पाच आठवड्यांनी, जूनच्या मध्यावर, परत आली. बेंबीजवळच्या छिद्राच्या जागी सुपारीएवढी गाठ, वरची कातडी जांभळट, दाबले की पाण्यासारखा पू. ताप नाही, फारसे दुखणेही नाही. टाके काढले तेव्हा जखम कोरडी होती. सर्जननी टाक्याचा गळू समजून चीर दिली, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पू माझ्याकडे पाठवला. माझा अहवाल गेला : ४८ तासांत वाढ नाही.

जुलैत आणखी तिघे आले. सत्तरीतल्या एका काकींच्या तीन छिद्रांपैकी दोन ठिकाणी गाठी होत्या. सगळ्यांची गोष्ट एकसारखी. जखम आधी नीट भरलेली, पाच ते सात आठवड्यांनी गाठ, मग नळीसारखे छिद्र पडून झिरपत राहणारे. प्रतिजैविक बदलले तरी फरक नाही. एका नमुन्यात धुळीसारख्या बारीक वसाहती दिसल्या होत्या. माझ्या तंत्रज्ञाने त्या कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूंच्या म्हणून नोंदवल्या आणि मी सही केली.

चौघे झाल्यावर रुग्णालय हादरले. फोंड्यासारख्या गावात बातमी दवाखान्यातून बाजारात पोचायला एक दिवस पुरतो. तातडीची बैठक झाली आणि ठरले की ओटी दूषित झाली आहे, तेव्हा धुरी आठवड्यातून तीनदा द्यायची. ग्लुटारल्डिहाइडचा ट्रेही एकाऐवजी दोन. शस्त्रक्रियेनंतरची प्रतिजैविके तीन दिवसांवरून दहा दिवसांवर नेली.

बाहेर धो धो पाऊस. खिडक्या बंद, एसी तीच हवा आत फिरवणारा. धुण्याच्या खोलीत पंखा होता, हवा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट नव्हता. ट्रेची झाकणे केव्हाच हरवलेली. या खोलीत सिस्टर दिवसाचे पाच-सहा तास असत.

ऑगस्टमध्ये त्यांच्या वागण्यात फरक पडल्याचे सगळ्यांच्या लक्षात आले. मावशींवर ओरडणे, यादीतला क्रम विसरणे, एकच गोष्ट दोनदा विचारणे. डोळे लाल, दुपारपर्यंत डोके ठणकायला लागे. रात्री झोप नाही. एका शुक्रवारी शस्त्रक्रियेच्या शेवटी गॉजची मोजणी जुळेना. त्यांनी दोनदा मोजले, दोन वेगळे आकडे आले. रुग्णाला भुलीखाली वीस मिनिटे जास्त ठेवून पुन्हा सगळे तपासावे लागले. शेवटी मोजणीच चुकली होती, आत काही राहिले नव्हते. सर्जन सगळ्यांसमोर बोलले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सिस्टर ओटीतून रडत बाहेर पडल्या.

त्यावरचे रुग्णालयातले मत असे : वय झाले, पाळी जाण्याचे दिवस आहेत, घरी सासूचे आजारपण आहे. व्यवस्थापनाने त्यांना ओटीतून वॉर्डात हलवण्याचा विचार सुरू केला. ही सगळी माणसे त्यांच्याविषयी आपुलकी असणारी होती. तरीही त्या दिवसभर कुठल्या हवेत उभ्या असतात हे कुणी विचारले नाही.

चवथीची सुट्टी

चवथ, म्हणजे गोव्यातली गणेशचतुर्थी, आली. सिस्टर पाच दिवस घरी होत्या. पुढे त्यांनीच सांगितले की घरात चूल, पाहुणे, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट), रात्रीचे भजन, झोप जेमतेम चार तास, तरी तिसऱ्या दिवशी डोके हलके झाले. कामावर परतल्यावर दुसऱ्याच दुपारी दुखणे पुन्हा हजर. त्यांच्या मुलीने ही गोष्ट टिपली. ती औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिने आईला सरळ विचारले, "तिथे तू श्वासातून काय घेतेस?"

इकडे माझ्या प्रयोगशाळेतही चवथीला एकच माणूस हजर होता. एरवी ४८ तासांनी टाकून दिल्या जाणाऱ्या, नमुन्यातले जंतू वाढवायच्या काचा तशाच राहिल्या. सहाव्या दिवशी पाहिले तर सत्तरीच्या काकींच्या नव्या नमुन्यावर, आधी काहीच नव्हते तिथे, बारीक, फिकट वसाहती उगवल्या होत्या. क्षयरोगाच्या जंतूंसाठी करतात ते आम्लरोधी रंगद्रव्याचे परीक्षण केले. लाल काड्यांसारखे जंतू दिसले.

हे क्षयाचे जंतू नव्हते. क्षयाच्या जंतूला उगवायला आठवडे लागतात, हे आठवड्याच्या आत उगवले. हे त्याचे भाऊबंद, माती-पाण्यात राहणारे, लवकर वाढणारे मायकोबॅक्टेरिया. मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवल्यावर नाव आले : मायकोबॅक्टेरियम चेलोनी. नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात ते सुखाने नांदतात. क्लोरीनला सहज दाद देत नाहीत आणि त्यांच्या काही वाणांवर ग्लुटारल्डिहाइडही चालत नाही. दुर्बिणीच्या छिद्रांवर उशिरा येणाऱ्या अशा गाठी भारतातल्या सर्जनना अपरिचित नाहीत. ब्राझीलमध्ये तर या शतकाच्या पहिल्या दशकात याच जातकुळीतल्या जंतूंच्या संसर्गाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतले बरेच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतरचे होते, आणि उपकरणे तिथेही ग्लुटारल्डिहाइडमध्येच बुडवलेली होती.

मला हे वाचून माहीत होते. तरी माझ्या टेबलावर चार नमुने येऊन गेले आणि मी चौघांनाही "वाढ नाही" किंवा "निरुपद्रवी" लिहून दिले. पाच आठवड्यांनी आलेली, ताप नसलेली गाठ, हा तपशील मागणी-अर्जावर नव्हता हे खरे. मीही फोन करून विचारला नाही.

प्रत्यक्ष पाहणी

सर्जनना फोन केला. ते तासाभरात प्रयोगशाळेत आले, सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिले आणि म्हणाले, "उद्या सकाळी या. काही लपवायचे नाही."

धुण्याच्या खोलीत शिरताच माझ्या डोळ्यांतून पाणी आले. सिस्टर शांतपणे ट्रेमधून उपकरणे काढत होत्या. मी विचारले, "सिस्टर, तुम्हाला हा वास सहन कसा होतो?"

"मॅडम, मला आता वास येतच नाही," त्या म्हणाल्या. "आधी यायचा. आणि वास आला की ओटी स्वच्छ आहे असे वाटायचे."

या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस विचार केला. नाक सतत येणाऱ्या वासाला थोड्या वेळात सरावते आणि मेंदूला कळवणे कमी करते. वायू मात्र तेवढाच आत जात राहतो. भरीला आपल्या सगळ्यांच्या मनात फिनेल, डेटॉल, फॉर्मेलिन यांचा वास आणि स्वच्छता ही जोडी लहानपणापासून बसलेली असते.

मग उपकरणे पाहिली. पकडीचा दांडा, आवरण आणि मूठ हे तिन्ही भाग सुटे होतात हे तिथल्या नव्या ब्रदरना ठाऊकच नव्हते. सुटे केले तर आवरणाच्या आत तपकिरी पुटे. ग्लुटारल्डिहाइडचा गुणधर्म असा की ते प्रथिनांना घट्ट करते. न धुतलेले रक्त त्यात बुडवले की ते निघण्याऐवजी जागच्या जागी पक्के होते आणि आतल्या जंतूंना कवच मिळते. दोन शस्त्रक्रियांच्या मधे वेळ नसेल तेव्हा उपकरणे दहा मिनिटांतच बाहेर निघत. द्रावणाच्या सूचनेत साध्या जंतुनाशनाला किमान वीस मिनिटे आणि बीजाणूंसह (जंतूंच्या चिवट, सुप्त रूपांसह) सगळे मारायला दहा तास सांगितलेले असतात. त्याची तीव्रता तपासायच्या पट्ट्या रुग्णालयात कधी आल्याच नव्हत्या.

शेवटी ते उकळलेले पाणी. सकाळी उकळून स्टीलच्या पिंपात ओतत आणि दिवसभर त्यातून मगाने पाणी काढत. पिंप रोज रिकामे होत नसे, कालच्या पाण्यावर आजचे. मे महिन्यात पाण्याची टंचाई होती, गच्चीवरची टाकी टँकरने भरली होती आणि त्यानंतर ती धुतली गेली नव्हती. नळ, टाकी, पिंप आणि विसळायचे भांडे असे चार नमुने घेतले. पिंप आणि भांडे, दोन्हींत तोच जंतू उगवला.

म्हणजे दोष हवेत नव्हताच. उपकरणे विसळायच्या पाण्यातून जंतू पोटाच्या छिद्रात जात होता, आणि आम्ही हवा मारत बसलो होतो.

या चुकीला मोठी परंपरा आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमांचे सडणे थांबवून शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. पुढे त्यांनी हवेतले जंतू मारण्यासाठी ओटीत कार्बोलिकचा फवाराही सुरू केला. त्या फवाऱ्यात सर्जन खोकत, त्यांचे हात बधिर होत. १८९०मध्ये बर्लिनच्या परिषदेत लिस्टर यांनीच, हवेतले जंतू मारायला हा फवारा सुचवल्याची आपल्याला शरम वाटते, असे जाहीरपणे सांगितले. त्यांनी जे सोडले ते फॉर्मेलिनच्या रूपात आपण शतकभर सांभाळले.

सिस्टरांना काय होत होते

फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातले द्रावण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत नोंदवले. ही माहिती बऱ्याच डॉक्टरांना असते. मेंदूवरच्या परिणामाकडे मात्र लक्ष जात नाही. ऊतींचे नमुने फॉर्मेलिनमध्ये हाताळणाऱ्या प्रयोगशाळा-तंत्रज्ञांची १९८०च्या दशकात अमेरिकेत पाहणी झाली. जास्त संपर्क असलेल्यांना डोकेदुखी, चिडचिड, झोपमोड, विसराळूपणा यांचा त्रास अधिक होता. स्मरण, तोल आणि हाताच्या कौशल्याच्या चाचण्यांतही ते मागे पडले. त्या तंत्रज्ञांचा झायलीनसारख्या द्रावकांशीही संबंध येत असे, तेव्हा सगळा दोष एकट्या फॉर्मेलिनवर टाकता येत नाही. सिस्टरांच्या खोलीतही एकट्या फॉर्मेलिनचा वायू नव्हता, ग्लुटारल्डिहाइड होते, अमोनिया होता.

असा परिणाम होण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. नाक-डोळ्यांतल्या चेतातंतूंना सतत चरचर होत राहिली की डोके दुखते, झोप तुटते, आणि तुटक्या झोपेत लक्ष व स्मरण दोन्ही ढासळतात. काही पदार्थ रक्तातून मज्जासंस्थेपर्यंत थेट पोचतात. शिसे, पारा, द्रावके यांच्याबाबतीत हे निर्विवाद आहे. या पदार्थांचा फसवेपणा म्हणजे आजार अंगावर दिसण्याआधी स्वभावात उतरतो. माणूस चिडका झाला, आळशी झाला, विसरभोळा झाला असे घरचे म्हणतात आणि डॉक्टरही मान हलवतात.

फिजिशियनने सिस्टरांचा थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-बारा जीवनसत्त्व सगळे तपासले. ठीक होते. रक्तदाब जरा वाढलेला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो सगळ्यात मोलाचा होता : सुट्टीत बरे वाटते का? कामाच्या जागेमुळे होणारा त्रास ओळखायला याहून सोपी आणि स्वस्त चाचणी नाही. सिस्टरांनी चवथीची गोष्ट सांगितली. मग मावशी आणि ब्रदर यांनाही विचारले. दोघांनाही डोकेदुखी होती. मावशींना रात्री खोकला येई. कुणी बोलले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबरच्या अखेरीस सर्जन, भूलतज्ज्ञ, व्यवस्थापक, सिस्टर आणि मी असे पाचजण बसलो. सिस्टरांना बैठकीत घ्यायचे हा आग्रह सर्जनचा. गॉजच्या मोजणीवेळी आपण बोललो त्याबद्दल त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागून सुरुवात केली. त्यामुळे पुढचे बोलणे मोकळेपणाने झाले असे मला वाटते.

आहे तसेच चालू ठेवून फक्त पाणी बदलणे, म्हणजे विसळायला ऑटोक्लेव्ह केलेले पाणी वापरणे, हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. व्यवस्थापकांचा कल तिकडे होता. पण आतल्या पुटांचे काय आणि खोलीतल्या वायूचे काय, याला उत्तर नव्हते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया काही काळ थांबवणे हा दुसरा. यात उत्पन्नाचा मोठा फटका होता. शिवाय रुग्णांना पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवावे लागेल.

तिसरा पर्याय मी स्वतः मांडला होता आणि तोच माझा सगळ्यात चुकीचा सल्ला ठरला असता. एक विक्रेता इथिलीन ऑक्साइडचे लहान यंत्र बऱ्यापैकी स्वस्तात द्यायला तयार होता. हा वायू नाजूक उपकरणांना इजा करत नाही, बारीक नळ्यांत शिरतो आणि बीजाणूही मारतो. जंतूंच्या बाजूने पाहिले तर उत्तम. यंत्र कपड्यांच्या कोठारात बसले असते. भूलतज्ज्ञांनी विचारले, "वायू बाहेर कुठून जाणार?" विक्रेत्याच्या कागदावर खिडकीचे चित्र होते. ती खिडकी धुण्याच्या खोलीच्या दारालगत उघडते.

मी घरी जाऊन पुन्हा वाचले. इथिलीन ऑक्साइड हे फॉर्मेलिनपेक्षा मज्जासंस्थेला कितीतरी स्पष्टपणे घातक. गळक्या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या हातापायांच्या नसा बधिर झाल्याचे आणि स्मरण-एकाग्रता बिघडल्याचे वैद्यकीय साहित्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून नोंदलेले आहे. तेही कर्करोगकारक आहे. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांची सरासरी मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग), पण माणसाच्या नाकाला त्याचा वास शेकडो पीपीएमला पोचल्यावरच कळतो. फॉर्मेलिनने निदान डोळ्यांत पाणी आणले होते. हा वायू काहीच न कळवता आत गेला असता आणि दोन-तीन वर्षांनी आम्ही पुन्हा सिस्टरांचे वय काढत बसलो असतो. दुसऱ्या दिवशी मी माझी सूचना मागे घेतली. स्वतंत्र हवा-निकास, गळती मोजणारे यंत्र आणि निर्जंतुक झालेल्या वस्तूंतला वायू निघून जाण्यासाठी बारा-बारा तास देण्याची सोय असलेल्या मोठ्या केंद्रात तो वापरणे वेगळे. कपड्यांच्या कोठारात तो आणू नये.

चौथा पर्याय साध्या वाफेचा. उपकरणे बनवणाऱ्यांची माहितीपत्रके आम्ही पहिल्यांदाच नीट वाचली. पकडी, कात्र्या, ट्रोकार (पोटाच्या छिद्रातून उपकरणे आत घालायच्या नळ्या), यांतले बहुतेक १३४ अंशांच्या वाफेत चालतात असे त्यांवर छापलेले होते. "वाफेने खराब होते" हे कुणी, कधी सांगितले हे कुणालाच आठवेना. अडचण फक्त जुन्या टेलिस्कोपची (पोटात घालायच्या दुर्बिणीची) आणि संच एकच असण्याची.

काय केले

सहा आठवडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया बंद ठेवल्या. हा निर्णय सर्जनचा, आणि व्यवस्थापक शेवटपर्यंत नाराज होते. त्या काळात दुसरा संच घेतला, वाफेत जाणाऱ्या टेलिस्कोपसह. दिवसाला दोनच शस्त्रक्रिया ठरवल्या, म्हणजे घाईत अर्धवट निर्जंतुक उपकरण वापरायची वेळच येऊ नये.

धुण्याची पद्धत सिस्टरांनी लिहिली. वापरून होताच ओले असताना सुटे करायचे, विकरयुक्त (एन्झाइम असलेल्या) साबणाच्या पाण्यात भिजवायचे, नळ्यांतून ब्रश फिरवायचा, भिंगातून तपासायचे, वाळवायचे, मगच ऑटोक्लेव्ह. प्रत्येक पुडक्यात रंग बदलणारी रासायनिक पट्टी आणि आठवड्यातून एकदा जिवंत बीजाणूंची चाचणी माझ्याकडे. पिंप मोडीत काढले. टाकी रिकामी करून घासली.

फॉर्मेलिनची धुरी पूर्ण बंद केली. इथे सगळ्यात जास्त विरोध झाला, आणि तो बाहेरून येणाऱ्या सर्जनांकडून. "धुरी नाही तर मी केस करणार नाही," असे एकांनी सांगितले. त्यांना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शिका दाखवल्या. रुग्णसेवेच्या जागी जंतुनाशकाचा नित्य फवारा मारू नये असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. त्याऐवजी प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसणे, दिवसअखेर जमीन आणि टेबल धुणे, एसीच्या गाळण्या वेळच्या वेळी बदलणे, दार बंद ठेवणे, माणसांची ये-जा कमी करणे. हे कंटाळवाणे आहे आणि त्याचा वास येत नाही, त्यामुळे पटवायला वेळ लागला. धुण्याच्या खोलीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट बसवला.

पाहणीत आणखी दोन गोष्टी सापडल्या. रुग्णांचे केस आदल्या रात्री ब्लेडने काढले जात. त्याने कातडीवर सूक्ष्म जखमा होतात आणि रात्रभर त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या शिफारशी सांगतात की केस काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने (केस कापायच्या यंत्राने). दुसरे, प्रतिजैविकाचे इंजेक्शन सगळ्यांना वॉर्डात सकाळी सातला दिले जाई. दुपारी एकला टेबलावर येणाऱ्याच्या रक्तात ते कितीसे उरणार? चीर देण्याआधीच्या दोन तासांत ते दिले गेले पाहिजे. आता ते भूलतज्ज्ञ ओटीत देतात. शस्त्रक्रियेनंतरच्या दहा दिवसांच्या गोळ्या बंद झाल्या. या गाठींचे कारण या दोन गोष्टी नव्हत्या, पण इतर जखमांसाठी त्या सुधारणे भागच होते.

रुग्णांना सांगणे सगळ्यात अवघड गेले. मे ते सप्टेंबरमध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्या सगळ्यांना फोन केले. सल्लागार वकिलांचे मत होते की गाठ असलेल्यांनाच बोलवा, कारण सांगू नका. सर्जननी ऐकले नाही. "उपकरणांच्या स्वच्छतेत आमच्याकडून उणीव राहिली, त्यातून हा जंतू गेला, उपचाराचा खर्च आम्ही करू," असे प्रत्येकाला सांगितले. फोनमुळेच आणखी पाच रुग्ण समोर आले. त्यांतला एक तरुण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला होता आणि आम्लरोधी काड्या दिसल्यामुळे त्याला क्षयाची औषधे सुरू झाली होती. क्षयाच्या नेहमीच्या औषधांना हा जंतू दाद देत नाही. दोन महिने त्याचे यकृत उगाच ताणले गेले.

परिणाम

एकूण नऊ रुग्ण. सगळ्यांना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि संवेदनशीलता अहवालाप्रमाणे (जंतू कुठल्या औषधाने मरतो ते पाहून) दुसरे औषध, चार ते सहा महिने. सहाजण औषधांवरच बरे झाले. तिघांच्या गाठी कापून काढाव्या लागल्या. त्यांतल्या एकाला अमिकासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनांनी कानात आवाज येऊ लागले, ती लगेच थांबवली, आवाज कमी झाले पण पूर्ण गेले नाहीत. सत्तरीच्या काकींनी सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. दोघांनी रुग्णालयाशी संबंध तोडला आणि तो त्यांचा हक्क होता.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या वर्षभरात प्रत्येक रुग्णाला तीन महिन्यांपर्यंत फोन केला. अशी गाठ एकही आली नाही.

सिस्टरांना तीन आठवडे ओटीपासून दूर ठेवले, पगार न कापता. डोकेदुखी आणि डोळ्यांची जळजळ आठवड्याभरात गेली, झोप महिन्याभरात जमली. स्मरण सावकाश आले. "डिसेंबरात कधीतरी लक्षात आले की मी यादी न बघता दिवस लावते आहे," असे त्या म्हणाल्या. मसुदा वाचताना त्यांनी माझ्याकडून एक वाक्य खोडून घेतले. मी "पूर्ववत झाल्या" लिहिले होते. काही नावे अजून पटकन आठवत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

आज काय वेगळे केले असते

माझ्या प्रयोगशाळेत आता शस्त्रक्रियेच्या जखमेचा नमुना सात दिवस ठेवला जातो आणि काही काचा ३० अंशांना, कारण चेलोनीला शरीरापेक्षा थंड वातावरण मानवते. अर्जावर शस्त्रक्रियेची तारीख आणि गाठ कधी दिसली ते लिहिल्याशिवाय नमुना घेत नाही. हे मी जूनमध्ये केले असते तर किमान चार-पाच रुग्ण या संसर्गापासून वाचले असते. हा हिशेब मी अनेकदा केला आहे.

जखमेच्या संसर्गाची नोंद रुग्णालये साधारण तीस दिवसांपर्यंत ठेवतात. आमचे नऊच्या नऊ रुग्ण तीस दिवसांनंतरचे. नोंदवहीत तो महिना निष्कलंक होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांपुरता तरी तीन महिन्यांचा पाठपुरावा हवा, आणि फोनवर कुणी बोलायचे हे नावानिशी ठरलेले हवे.

धुरी तिप्पट करायच्या आधी तिने आजवर काय साधले याचा पुरावा मागायला हवा होता. चौघांच्या गाठी छिद्रांवरच होत्या. त्याच ओटीत, त्याच हवेत झालेल्या उघड्या शस्त्रक्रियांच्या जखमा नीट भरत होत्या. ही एक तुलना कुणी कागदावर केली असती तर हवेवरचा संशय तिथेच मिटला असता.

खोलीतल्या फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण आम्ही बदल करण्याआधी मोजून घेतले नाही, हीही माझी खंत. मोजले असते तर सिस्टरांच्या त्रासाला आकड्याचा आधार मिळाला असता आणि बाहेरच्या सर्जनांना पटवणे सोपे गेले असते. लक्षणे आणि चवथीची सुट्टी यांवरच आम्ही भिस्त ठेवली.

एक्झॉस्ट बसवलेल्या त्या खोलीत आता सकाळची पहिली नोंद सिस्टर करतात : पंखा चालू, झाकण बंद, डोके कसे आहे. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः घातला आहे, आणि मावशी व ब्रदर यांनीही तो रोज भरायचा असतो. जुना टेलिस्कोप अजून कपाटात आहे. तो विकायचा की मोडीत काढायचा यावर व्यवस्थापक आणि सर्जन यांचे एकमत झालेले नाही. तोवर कपाटाची किल्ली सिस्टरांकडे आहे.